एकही कांदा सडला नाही

२० जुलै

आज बोर्ड लागला. ‘गुरांचा दवाखाना’ असं ठसठशीत लिहून रंगाऱ्याने शेजारी हौसेने एक कुत्रा काढून ठेवलाय. मी म्हटलं, भाऊ, गाय काढायची ना. तर म्हणाला, गाय नाय जमत मॅडम, पाय चुकतात. नाशकात कुत्र्यांची नखं कापून आणि त्यांच्या वाढदिवसाचे केक खाऊन कंटाळले म्हणून नोकरी सोडली, नामपूरजवळच्या या गावात आले, आणि कुत्रा माझ्याआधी बोर्डावर हजर! उतरवायचा तर शिडी परत मागावी लागेल, आणि शिडीवाला आधीच फुरंगटलाय. राहू दे.

उद्घाटनाला जी काही माणसं आली त्यांनी एकच विचारलं, मोठे डॉक्टर कधी येणार? मी उत्तर द्यायच्या आत नवसाबाई कडाडल्या, “हाईच मोठी शे! आखो मोठी काय आभाळमाईन पडी?” त्यांच्याच ओट्याला लागून असलेल्या खोलीत माझा दवाखाना आहे. मी त्यांना मावशी म्हणते. मुलगा पुण्याला नोकरीला, यजमान केव्हाच गेलेले, घरात त्या आणि गोठ्यात कस्तुरी नावाची गाय. कस्तुरीची आई ती जन्मताच मेली, तेव्हा मावशींनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. माणसांपेक्षा तिच्याशी जास्त बोलतात.

गावाला वास मात्र एकच, कांद्याचा. घराघरामागे चाळ. म्हणजे जाळीच्या भिंतींचं लांबलचक कोठार. उन्हाळी कांदा त्यात भरायचा आणि भाव चढायची वाट बघत बसायचं. मी केस धुतले तरी वास, चहा केला तरी वास.

२६ जुलै

पहिलं गिऱ्हाईक मावशीच. कस्तुरी गाभण आहे, सहा महिने उलटलेत. तपासलं, सगळं झकास. मी गोठ्यात पोचले तेव्हा मावशी पदराखाली घमेलं घेऊन आत शिरत होत्या. मला बघून एवढ्या दचकल्या की घमेलं घेऊन तशाच मागे फिरल्या. पदराखाली घमेलं कोण नेतं? पण मावशींचं सगळंच जगावेगळं, आपण विचारू नये.

मग ओट्यावर चहा. कस्तुरीचंच दूध, पण त्यालाही कांद्याचा वास. मी हसून म्हटलं, मावशी, नाव कस्तुरी आणि वास बघा कसला! त्या काही हसल्या नाहीत. “हवाच तशी शे गावनी,” म्हणाल्या आणि विषय चाळीवर नेला.

चाळ हा या गावचा मोठा अभिमानाचा विषय आहे. कोणाचा कांदा किती टिकला यावरून बाईचं घर कसं चालतं ते ठरतं म्हणे. हवा कुठून खेळवायची, थर केवढा द्यायचा, हे सगळं बायका ठरवतात. मावशींची ख्याती अशी की त्यांच्या चाळीत कांदा सडतच नाही. पलीकडच्या अंगणात त्यांच्या धाकट्या जाऊबाई, सिंधुबाई, धान्य पाखडत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मावशी म्हणाल्या, “औंदा इतला पाऊस व्हयना, पन मन्हा चाळमा एक कांदा सडना नही.”

सुपाचा आवाज थांबला. “मन्हाबी नही,” पलीकडून उत्तर आलं.

दोघींचं एकमेकींशी एवढंच बोलणं होतं, असं ऐकलंय.

तेवढ्यात रस्त्याने पुंजाआबा चालले होते. त्यांनी यंदा कांदा शेतातून काढला आणि थेट बाजारात नेऊन पडेल त्या भावाने विकून टाकला. चाळ भरलीच नाही. त्यावरून अख्खा गाव त्यांची टर उडवतो. मावशींनीही हात धुऊन घेतले, “काय आबा, चाळमा आते उंदीरच ऱ्हातस ना?” आबा ओशाळं हसले आणि बैल पुढे हाकत निघून गेले. मलाही हसू आलं. गावात रुळतेय बहुतेक.

३ ऑगस्ट

आठवडाभरात एक शेळी, दोन कोंबड्या, आणि एका आजोबांचा गुडघा. गुडघ्याला मी नाही म्हटलं तर म्हणाले, बैलाचा बघता, माझा का नाही?

४ ऑगस्ट

सकाळी मावशींची हाक. कस्तुरीची लघवी लाल झालीय. जाऊन बघितलं तर लाल कसली, काळ्या चहासारखी. डोळ्यांच्या आतली कातडी फिकट, चारा तोंडात धरते नि सोडून देते.

या भागात लाल लघवी म्हणजे गोचीड ताप. गोचीड चावते, रक्तात जंतू जातात, लाल पेशी फुटतात, लघवीतून बाहेर पडतात. परीक्षेत हा प्रश्न मला पाठ होता. रक्ताचा नमुना काचेवर घेऊन सटाण्याला पाठवला आणि इंजेक्शन देऊन टाकलं. अंगावर गोचीड एकही दिसली नाही आणि अंगात ताप नव्हता, पण म्हटलं, असतं कधीकधी असं.

तिचं दूध कोणी वापरायचं नाही, असं बजावलं. मावशी मान हलवत राहिल्या. “खायला काय घालता?” विचारलं तर एकदा सिंधुबाईंच्या अंगणाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “चारा आनि ढेप. आखो काय घालतस?”

बरोबरच आहे, चारा आणि पेंड, गाईला आणखी काय घालणार.

६ ऑगस्ट

रिपोर्ट आला. रक्तात जंतू नाहीत.

मग मीच माझी समजूत घातली की एका काचेवर जंतू सापडले नाहीत म्हणजे ते नाहीतच असं नाही. हे पुस्तकात आहे. पण पुस्तकात हेही आहे की ताप हवा, गोचीड हवी, आणि त्यातलं कस्तुरीला काहीच नाही. आणखी एक इंजेक्शन दिलं. देताना मनात शंका होती, हे इथे लिहून ठेवते, बाहेर कोणाला सांगणार नाही.

रस्त्यावर माणसं विचारतात, “गाय कशी शे?” मी म्हणते, औषध चालू आहे. बोर्डावरचा कुत्रा माझ्याकडे बघून दात काढतो असं वाटायला लागलंय.

गाय गेली तर दवाखाना गेलाच. पण खरं सांगायचं तर दवाखान्याचं मला तितकं वाटत नाही. सकाळी मावशी कस्तुरीच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या होत्या.

७ ऑगस्ट

मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्यात. मी गोठ्यात गेले की त्या चाळीकडे जातात, मी चाळीकडे वळले की घाईघाईने ताडपत्री ओढून घेतात. आज विचारलं, मावशी, माझ्यावर रागावलात का? तर, “तुम्हवर कसाले रागवू माय,” म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. म्हणजे रागावल्याच. पहिल्या दिवशी माझी बाजू घेतली त्याचा आता पस्तावा होत असणार. होईलच. ज्या डॉक्टरला आजार कळत नाही तिची बाजू कोण घेणार?

कस्तुरी आज उठताना धडपडली.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा. मखमलाबाद

रोहितला राखी बांधायला घरी आले. माझा भाऊ फुलबाजारातून झेंडू विकून येतो तेव्हा त्याच्या अंगाला झेंडूचा वास, बाबांच्या अंगाला गुलाबाच्या मळ्यातल्या मातीचा. मी घरात शिरताच आईला म्हटलं, “लांब राहा गं, माझ्या अंगाला कांद्याचा वास येतोय.” आईने जवळ ओढून माझा दुपट्टा हुंगला, मग केस हुंगले. “काही नाही येत,” म्हणाली. “तुझं नाक गेलंय.”

मग चहा आला. मी घोट घेतला आणि तशीच बसून राहिले.

चहाला कांद्याचा वास नव्हता! माझ्या कपड्यांना नाही, केसांना नाही, आणि चहालाही नाही. म्हणजे तिकडचा वास हवेतला नव्हताच, दुधातला होता. मी रोज घोटाघोटाने पीत होते आणि हवेला शिव्या देत होते.

मग एकेक गोष्ट धाडधाड आठवत गेली. पदराखालचं घमेलं. ओढून घेतलेली ताडपत्री. “एक कांदा सडना नही.” सडला नाही कसा? सडला की! पण उकिरड्यावर टाकला असता तर सिंधुबाईंना दिसला असता. म्हणून मावशींनी तो अशा ठिकाणी टाकला जिथून तो कोणालाच दिसणार नाही. गाईच्या पोटात.

गाईगुरांना कांदा बाधतो, लाल पेशी फोडतो, आणि लघवी अशीच काळपट लाल होते. दोन ओळींचा मजकूर, पुस्तकाच्या तळाशी बारीक अक्षरात. आम्ही सगळ्यांनी तो परीक्षेसाठी सोडून दिला होता, कारण असा प्रश्न कधीच येत नाही.

मावशींना फोन लावला. उचलला नाही. रोहितला म्हटलं, ओवाळणी राहू दे, मला रक्त काढायच्या पिशव्या कुठे मिळतील ते सांग. तो घाबरला. मग आईने त्याला समजावलं की तुझं नाही, बैलाचं.

१० ऑगस्ट

आज घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

पहाटेची एसटी धरून पोचले तेव्हा मावशींच्या अंगणात निम्मा गाव उभा. कस्तुरी रात्रीत बसली ती उठलीच नव्हती. मावशी तिच्या मानेखाली हात घालून जमिनीवर बसलेल्या. डोळ्यांची कातडी बघितली, कागदासारखी पांढरी. हृदय धावत होतं. तोंडाजवळ नाक नेलं आणि श्वासालाही तोच वास. इतके दिवस मी हे हुंगलं कसं नाही?

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “सुया टोची टोचीसन मारी टाकी गायले.”

मी ठरवलं होतं की मावशींना बाजूला घेऊन हळूच विचारायचं. पण त्या गाईची मान सोडेनात. सिंधुबाई समोरच उभ्या. चारचौघांत कसं विचारू? आणि विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, तर? गाय वाचवायची तर रक्त द्यायला हवं आणि तेही आत्ता.

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले आणि म्हटलं, “माझं चुकलं. हा गोचीड ताप नव्हता. मी दिलेली इंजेक्शनं फुकट गेली. रिपोर्ट आला तेव्हाच मला शंका आली होती, पण दवाखाना नवा, लोक काय म्हणतील, म्हणून मी गप्प बसले.”

मनात म्हटलं, संपलं, बोर्ड उतरवायला शिडी आजच मागावी लागणार.

“आता हिला दुसऱ्या गुराचं रक्त चढवायचं,” मी पुढे रेटलं. “पण त्या गुराने महिनाभरात कांदा खाल्लेला नको. कांद्याने गुरांचं रक्त फुटतं.”

मी मावशींकडे बघितलंही नाही, मुद्दामच. मग खालून आवाज आला, एवढा बारीक की मला आधी कळेना कोण बोलतंय.

“मीच दिधा.”

“काय?” सिंधुबाई म्हणाल्या.

मावशींनी मान वर केली आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मीच दिधा तिले. सडेल कांदा. मन्हा चाळमा निम्मा कांदा सडना. उकिरडावर टाका तं तुम्ही हासतीन म्हनीसन रोज घमेलंभर तिले दिधा. माले वाटनं, ती खास, तिले गोड लागस. आनि ही पोर…” माझ्याकडे बोट केलं, “ही पोर तिन्ही चूक नसतांना चूक कबूल करी ऱ्हायनी. मन्ही जीभ झडो.”

आणि एवढी कडाडणारी बाई गाईच्या मानेवर डोकं ठेवून रडायला लागली. मीही रडले, सांगून टाकते. पण रडत बसायला वेळ नव्हता.

गल्लीतली सगळ्यात धिप्पाड गाय सिंधुबाईंची. मी त्यांच्याकडे वळले, “सिंधुकाकू, तुमची चालेल?”

सिंधुबाईंनी पदर सावरला, खांद्यावरून काढला, परत घेतला. जमिनीकडे बघत म्हणाल्या, “मीबी दिधा.”

मावशींचं रडणं एकदम थांबलं. “तुन्हाबी सडना?”

“अर्धापेक्षा जास्त.”

मग मी एकेकाला विचारत गेले आणि मोठमोठे बाप्ये आपापल्या चपला न्याहाळायला लागले. अख्ख्या गल्लीत एकाच्याही चाळीत कांदा सडला नव्हता, आणि अख्ख्या गल्लीतली गुरं कांदा खात होती! म्हणूनच कुणाकडेही चहा घेतला तरी तोच वास. काहींनी थोडा घातला म्हणून अजून काही झालं नव्हतं, एवढंच. त्यांना तिथेच सांगितलं, आजपासून एक फोडसुद्धा नाही.

गर्दीच्या मागून पुंजाआबा म्हणाले, “मन्हा लाल्या चाली का? मन्हा घर तं भाजीलेबी कांदा नही.”

कोणी हसलं नाही.

लाल्या म्हणजे त्यांचा बैल, दांडगा, पण स्वभावाने इतका गरीब की मानेत सुई गेली तरी नुसते कान हलवले. पिशव्या भरत गेल्या. आधी थेंबथेंब सोडलं, कारण दुसऱ्याचं रक्त मानवलं नाही तर गाय थरथरायला लागते. मी तिच्या कातडीवरून नजर हलवली नाही. थरथरली नाही. मग धार वाढवली. पिशवी उंच धरायला खांब नव्हता. सिंधुबाई पुढे आल्या, हात वर करून पिशवी धरली, आणि हात अवघडला तरी दुसऱ्या कोणाला दिली नाही. खाली मावशी, वर सिंधुबाई, मध्ये नळी. सिंधुबाईंच्या कपाळावरचा घाम मावशींनी उठून पदराने पुसला.

शेवटची पिशवी संपली आणि कस्तुरीने मान उचलून माझा दुपट्टा चावला.

११ ऑगस्ट

उभी राहिली! पाय लटपटत होते, पण स्वतःच्या बळावर. लघवी अजून रंगीत आहे, पण कालपेक्षा फिकट. वासराचं मात्र अजून सांगता येत नाही. एवढं रक्त कमी झालं की गाय गाभडू शकते. हे मावशींना सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठा झाडायला घेतला.

गावात आज वेगळीच धांदल. सगळ्यांनी चाळी उघडल्या आणि सडका कांदा उजेडात आणला. उकिरड्यावर डोंगर झाला. आता नवीन चढाओढ, माझा तुझ्यापेक्षा कमी सडला. सिंधुबाई पाटी रिकामी करताना ओरडून सांगत होत्या, “देखा, देखा, वरना थर चांगला शे!” वास इतका की नामपूरपर्यंत गेला असेल. आजचा मात्र खरोखर हवेतला.

दुपारी खेडवळ फेटा बांधलेले कोणी गृहस्थ पलीकडच्या गावाहून आले. “चूक कबूल करती ती डाक्टरीन हाईच का?” मी म्हटलं, हो, काय झालं? म्हणाले, म्हैस दाखवायची शे.

१५ ऑगस्ट

कस्तुरी रवंथ करते. मावशी रोज सगळं विचारतात, एक वासराचं सोडून. मीही तो विषय काढत नाही, कारण आत्ता हात घालून बघणं मला धोक्याचं वाटतं. थोडी सावरू दे.

शाळेत झेंडावंदनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. भाषणात मी कांद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तरी सगळे हसत होते.

२२ ऑगस्ट, पोळा

आज तपासायचं ठरवलं होतं. गल्लीत बैल सजलेले, शिंगांना रंग, पाठीवर झुली, आणि मी गोठ्यात खांद्यापर्यंत हातमोजा चढवून उभी. मावशी दाराबाहेर पुरणपोळीचं ताट घेऊन पाठमोऱ्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या.

हात आत घातला. कस्तुरीने नाराजीने मागे बघितलं. बोटांनी चाचपत पुढे गेले आणि काहीतरी कडक, छोटं लागलं. खूर. हलकेच दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. मनातल्या मनात देवाला नाही नाही ती आमिषं दाखवली.

आणि खूर झटकन मागे ओढला गेला, पायाला गुदगुल्या केल्यावर लहान मूल ओढतं ना, तसं!

“मावशी,” मी ओरडले, “पाय ओढला त्यानं! जिवंत आहे!”

मावशी वळल्या नाहीत. त्यांची पाठ हलत होती. जरा वेळाने डोळे पुसले आणि ताट घेऊन चालायला लागल्या. हात धुवून मी मागे धावले. गावची रीत अशी की आधी पाटलांच्या मानाच्या जोडीला ओवाळायचं, मग बाकीच्यांना. मानाची जोडी वेशीत उभी होती, वाजंत्री तयार होती. मावशी तिच्या समोरून सरळ निघून गेल्या. पाटील बघत राहिले. सिंधुबाई ताट घेऊन मावशींच्या मागे, त्यांच्यामागे गल्लीतल्या इतर बायका.

पुंजाआबांच्या दारात लाल्या उभा होता. आबांनी त्याची शिंगं स्वतःच रंगवली होती, जरा वाकडीतिकडी. मावशींनी त्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि तोंडाजवळ पोळी धरली.

“खाय,” म्हणाल्या. “आते मन्ही कस्तुरीना भाऊ शेस तू. मामा व्हयी ऱ्हायना, खाय.”

आबा हसून म्हणाले, “तो मामा, मंग मी कोन?”

मावशींनी ताटातलं टॉवेल-टोपी उचललं. सगळ्या बायकांसमोर, ज्यांच्यासमोर आबांची टर उडवली होती त्यांच्याचसमोर, त्यांच्या हातात ठेवलं आणि वाकून पाया पडल्या.

“तुम्ही मन्हा भाऊ,” म्हणाल्या. “माले माहेर ऱ्हायनं नव्हतं.”

आबांनी जुनी टोपी काढली, नवी घातली, आणि लाल्याच्या मागे जाऊन त्याची शेपटी विंचरत बसले.